नितळ पाणी

नदीचं पाणी इतकं नितळ होतं की तळाचे गोटे हाताला लागतील असं वाटावं. काठावरून भावोजी ताईला म्हणाले, "घाबरतेस काय? कमरेएवढंच तर आहे." ताई उतरली आणि डोक्यापर्यंत बुडाली. मी दंड धरून तिला कशीबशी बाहेर ओढली. ती खोकत होती, आणि भावोजी म्हणाले, "पाणीच फसवं आहे."

पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे तळ वर आल्यासारखा दिसतो. तो सगळ्यांनाच तसा दिसतो, त्यात पाण्याचा काय दोष? पण बायकोला पुढे घालून खोली अजमावणाऱ्या माणसाची मला त्या दिवशी शिसारी आली.

ताईने पदर पिळला. "आता तुम्ही उतरा," ती म्हणाली.

भावोजी चपला शोधू लागले.