फरशीतल्या चंद्राच्या रेघा

आमच्या ह्यांचं नाव गुरुबसप्पा. मी तोंडानं घेत न्हाय, पर सांगावंच लागतंय. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमचं शहाबादी फरशीचं दुकान. हा माणूस कशाला भ्यायचा न्हाय. पायावर फरशी पडली तरी हूं की चूं केलं न्हाय. पर अठ्ठ्याहत्तर साली ह्यांची पार गाळण उडाली.

त्या साली होळीच्या पुनवेला ग्रहण आलं. आमची लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला आलेली. वेध लागायच्या आधीच मी इळी, सुरी, कात्री पेटीत घालून कुलूप लावलं. गरवार बाईनं वेधात, ग्रहणात काय चिरलं की लेकराचा ओठ फाटतो म्हणतात. आन् ही पोरगी दुपारी, वेध लागलेले असताना, अंगणात बापाजवळ बसून फरशी फोडती! लहानपणापासनंची खोड. छिन्नी लावून दोन टोले दिले की थर सुटतो. ते काय चिरणं न्हाय, म्हणून मीबी बोलले न्हाय. अक्कल कुटं गेली हुती माझी, कुणास ठाऊक.

आठ दिवसांनी कॉलेजातले एक मास्तर फरशी घ्यायला आले. महादेवीनं फोडलेल्या फरशीच्या कडेला बारीक रेघा बघून हरखलेच. म्हणाले, कोट्यवधी वर्षांमागं शहाबादकडं समुद्र हुता. चंद्र पाणी ओढायचा, भरती यायची, भरतीगणिक गाळाचा एकेक थर बसायचा. पुनव-अवसेची भरती मोठी, म्हणून तिचा थर जाड.

"ही रेघन् रेघ चंद्राची आहे," मास्तर म्हणाले.

ह्यांचं तोंड पांढरंफटक पडलं. मास्तर गेल्यावर मला मागल्या दारी नेऊन म्हणाले, "ग्रहणाच्या वेधात आपल्या पोरीनं चंद्रच चिरला की गं."

लेकीला कळू द्यायचं न्हाय, एवढं दोघांनी ठरवलं. ह्यांचं जेवण तुटलं. सिद्धेश्वराला नवस बोलले. पोरगी समोर आली की मान खाली. मी वरनं हसायचे, आतनं जीव टांगणीला. त्या मास्तरचाबी लई राग यायचा. महादेवी तेवढी निवांत जेवायची, गाणी म्हणायची. बरं झालं, हिला काय ठाऊक न्हाय, असं मी म्हणायचे.

पंधराव्या दिवशी सकाळी लेकरू रडलं. दाई शिवम्मा म्हणाली, पोरगी हाय. महादेवीनं तिकडं बघितलंच न्हाय. डोळे गच्च मिटून तिनं माझा हात नखं रुतेस्तवर धरला.

"आई, आधी ओठ बघ. मास्तर बोलले ते मी सैपाकघरातनं ऐकलंय."

मी बघितलं. ओठ सलग हुता. तसं सांगितलं तवा कुटं तिनं डोळे उघडले, बाहेर बाप उभा हुता त्या दाराकडं बघितलं आन् हळूच म्हणाली, "आप्पांना यातलं काय सांगू नगंस. उगं भितील."