रायफलीतली फट

नवऱ्याच्या जॅकेटच्या खिशातून चार रिकामी काडतुसं निघाली, तेव्हा मी वॉशिंग मशीन लावत होते. फेकणारच होते, पण एकाच्या बुडाजवळ गोल चमकती रेघ दिसली. मग बाकीची तीन पाहिली. तशीच.

आधी पुण्यात आणि आता न्यूझीलंडमधल्या टौरंगात, माझं काम मोजमापाचं. कारखान्यातल्या सुट्या भागांना गेज लावायचं आणि पास-नापास ठरवायचं. पेपरक्लिपचं टोक वाकवून मी काडतुसात आतून फिरवलं. रेघेपाशी ते अडकलं. तिथलं पितळ पातळ झालं होतं.

रायफल त्याने वर्षभर थांबून एका म्हाताऱ्या कारागिराकडून बांधून घेतली होती. शनिवारी हरणासाठी डोंगरात जायचं ठरलं होतं.

"अरे, ही चालवू नकोस," मी म्हणाले.

"अगं, नेम बरोबर लागतोय. एकदम मस्त, इथले म्हणतात तसं स्वीट ॲज."

"नेमाचं नाही बोलत मी. नळी मागून बंद करणारा बोल्ट लावल्यावरही काडतुसामागे जास्त फट राहतेय. बार उडाला की ते मागे ताणलं जातं. एखादं तुटलं तर गरम वायू तुझ्या तोंडावर."

"बंदुकीतलं तुला काय कळतं?"

मी काडतुसं डब्यात घालून ठेवली. पण दोन दिवस ऑफिसात एकच माप दोनदा लिहीत होते, जेवताना मध्येच उठत होते. शेवटी गुरुवारी तोच म्हणाला, "चल, विचारून टाकू एकदाचं."

किवीच्या बागेमागच्या शेडमध्ये म्हाताऱ्याने काडतुसं खिडकीपाशी नेऊन पाहिली. मग नळीत मोठ्या मापाचं एक गेज घातलं. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. तो अलगद बंद झाला. माझंच खरं ठरलं होतं.

"चूक माझी," तो म्हणाला. "काडतुसाची जागा कोरताना रीमर जास्त खोल गेला आणि नंतर मी तपासलं नाही."

"अशा आणखी किती बांधल्या?" मी विचारलं.

"दोन."

लेथला हात लावण्याआधी त्याने दोघांना फोन केले. एकाने उचलला. दुसऱ्याच्या घरून कळलं, तो आदल्या दिवशीच रायफल घेऊन जंगलात गेला होता.

मग त्याने आमच्या रायफलीची नळी सोडवली, तिचा खांदा, म्हणजे ती जिथे टेकते ती कड, लेथवर केसभर कापला, नळी पुन्हा बसवली आणि रीमर हाताने थोडा थोडा फिरवत राहिला. मध्येमध्ये थांबून गेज लावून पाहायचा. दुपारी बोल्ट लहान गेजवर बंद झाला आणि मोठ्यावर अडला, म्हणजे फट आता मापात होती. जुनी काडतुसं त्याने भंगारात टाकली.

"झालं ना आता?" नवरा गाडीत म्हणाला. मला मात्र तो जंगलातला अनोळखी माणूस दिसत होता. शनिवारी नवरा घरीच थांबला, आपणहून.

रविवारी म्हाताऱ्याचा फोन आला. "आला तो परत. पाऊस होता, एकही बार काढला नाही म्हणे."

"आता तरी जेवायला बसशील का?" नवऱ्याने विचारलं.

मी बसले, आणि पुन्हा उठले. त्याची रायफल अजून दुरुस्त व्हायची राहिली होती.