अशोकाच्या रांगेआड

"झाड असं हवं," असं म्हणून ते दोन्ही हात अंगाला घट्ट चिकटवायचे, टाचा उचलायचे आणि मान ताणून क्षणभर तसेच उभे राहायचे. मग हात पसरून, पाय फाकून, पोट पुढे काढून म्हणायचे, "आणि असं नको." अंगात लेंगा आणि बाह्यांचा बनियन. समोर आमच्या सोसायटीतला नवा भाडेकरू असो की कुणाकडे आलेला पाहुणा, बागेचा विषय निघाला की हे प्रात्यक्षिक व्हायचंच. बिल्डिंगमधली मुलं मुद्दाम विचारायची, "काका, झाड कसं हवं?" आणि ते तितक्याच गंभीरपणे पुन्हा करून दाखवायचे.

सगळे त्यांना काका म्हणत, मीही इथे काकाच म्हणते. ठाण्याच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. डोंबिवलीत आमची तीन मजली इमारत उभी राहिली तेव्हापासूनचे रहिवासी, आणि पहिली बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या समोरच्याच दारात, तळमजल्यावर राहायचे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंनी शेजारच्यांची ओळख करून देताना त्यांच्याबद्दल एवढंच सांगितलं होतं, "काही अडलं तर आधी समोर जायचं."

त्या काळची डोंबिवली तुम्ही पाहिली असेल, तर तळमजल्यावर राहणं म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आमच्या मागच्या दाराबाहेर जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. पट्टीपलीकडे काटेरी तार, आणि तारेपलीकडे मोकळा प्लॉट. त्या प्लॉटमधून लोकांनी स्टेशन रोडला जायची पायवाट पाडलेली. येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या स्वयंपाकघरात डोकावून पुढे जायचा. एकदा मी भाजी फोडणीला टाकत असताना एक अनोळखी गृहस्थ तारेपलीकडून म्हणाले, "आज वांगी वाटतं?" मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले. होय म्हणावं की खिडकी लावावी, काही सुचेना.

काकांना ही तक्रार सगळ्या तळमजल्यांकडून ऐकायला मिळायची. मग ते झाडांबद्दल स्थळं बघितल्यासारखं बोलायला लागायचे. "बांबू? छे. पाहुणा म्हणून येतो आणि घर बळकावून बसतो. निलगिरी? सध्या जो तो निलगिरी लावतोय, पण ती शेजाऱ्याचंसुद्धा पाणी पिऊन टाकते. सुरू रुसका आहे, समुद्र सोडून त्याला करमत नाही. कोयनेल चांगली, पण बुटकी. तुमची वांगी काही तिच्याआड लपायची नाहीत." एका बाईंनी त्या पट्टीत कलमी आंबा लावायचा हट्ट धरला होता. काका त्यांना म्हणाले, "आंबा आवडतो ना? मग बाजारातून आणा. एवढ्याशा जागेत त्याला कोंडू नका." शेवटी स्वारी यायची ती अशोकावर. आपण ज्याला अशोक म्हणतो तो, शिडशिडीत, सरळ वर जाणारा, पानं खाली सोडून उभा राहणारा.

आता मंदाबद्दल सांगायला हवं.

मंदा माझी नणंद. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान. तिच्या मानेवर आणि हातांवर कोडाचे डाग होते. ठरलेलं लग्न त्यावरून मोडलं, आणि त्यानंतर ती दिवसा घराबाहेर पडेनाशी झाली. ठाण्याच्या डॉक्टरांनी लावायचं औषध दिलं होतं, ते लावून सकाळच्या उन्हात बसायचं. पण बसायचं कुठे? गच्चीवर पापड-सांडगे घालायला आलेल्या बायका, मागे ती पायवाट. मग ती खिडकीपाशी स्टुलावर बसायची आणि गजांतून एक हात बाहेर काढून उन्हात धरायची. तो दुखला की दुसरा.

काकांनी ते पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी ते मला मागच्या दारी भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "सूनबाई, त्या मुलीला ऊन हवंय का?"

मी मान हलवली. त्यांनी बाकी काही विचारलं नाही. कसलं औषध, कसला रोग, काही नाही. नुसते पट्टीत उभे राहून कधी सूर्याकडे, कधी पायवाटेकडे बघत राहिले.

पुढच्या रविवारी खडवलीच्या एका नर्सरीतून ते टेम्पो भरून अशोकाची रोपं घेऊन आले. सगळे तळमजले कामाला लागले. माझे यजमान तारेला लागून खड्डे खणायला निघाले तेव्हा काकांनी त्यांना थांबवलं. "तारेला चिकटून नको. तीन फूट आत घ्या. मुळांना दोन्ही अंगांनी जागा हवी. आणि उद्या पलीकडे कुणी खणायला आलं, तर आपली झाडं वाचायला नकोत?"

आम्हाला पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

दोन पावसाळ्यांत ती रांग अशी दाट झाली की पायवाटेवरच्या माणसाची फक्त चाहूल यायची. खालच्या फांद्यांना कुणी हात लावला तर काका ओरडायचे, "पदर आहे तो तिचा, पदर!" शेंडे मात्र ते स्वतः छाटायचे, शिडीवर चढून. का, ते आमच्या घराला माहीत होतं. झाडं आणखी वाढली असती तर सकाळचं ऊन अडलं असतं. रांग एवढीच उंच ठेवायची की बाहेरच्याला आत दिसू नये आणि मंदाला ऊन मिळावं.

मंदा पहिल्यांदा तिथे जाऊन बसली तो दिवस मला आठवतो. बिनबाह्यांचं पोलकं घालून, केस वर बांधून, पाठ उन्हाकडे करून. आधी दर मिनिटाला वळून बघत होती. मग बघायची थांबली. सासूबाई आत ओट्यापाशी उभ्या राहून डोळे पुसत होत्या आणि मला सांगत होत्या, कांदा फार तिखट आहे म्हणून. कांदा चिरलेला नव्हताच.

नंतर त्या पट्टीत शिवणाचं मशीन आलं. मंदा ब्लाउज शिवू लागली, बायका मापं द्यायला येऊ लागल्या. डाव्या हातावरचे काही डाग भरून आले, मानेवरचे तसेच राहिले, पण तिला त्याचं पूर्वीसारखं काही वाटेनासं झालं. काका पेपर घेऊन तिच्याजवळ येऊन बसायचे. बातम्या मोठ्याने वाचायचे आणि मध्येच म्हणायचे, "मंदा, मशीन थांबव, हे ऐक." ती म्हणायची, "काका, तुम्ही थांबा, मला गिऱ्हाईक आहे." आणि दोघं हसायची. आमच्या घरात इतक्या वर्षांनी कुणी तिच्याशी थट्टा करत होतं.

तार गंजून लोंबकळू लागली तेव्हा काकांनीच ती काढून टाकली. "आता झाडंच कुंपण," म्हणाले. तारेखाली पूर्वी एक हद्दीचा दगड होता, तो कधीच मातीत गेला होता.

नव्वदीनंतर आमच्या भागातले मोकळे प्लॉट भराभर विकले जाऊ लागले. मागचाही गेला. बिल्डरचा माणूस येऊन उभा-आडवा हिंडून गेला आणि नंतर आम्हाला कळलं की त्याला ट्रक आणि पाण्याचे टँकर आत घ्यायला रस्ता कमी पडतोय. आमच्या बाजूने तीन फूट मिळाले तर त्याचं काम होत होतं.

एका रविवारी जिन्याखाली सोसायटीची मीटिंग भरली. बिल्डरचा माणूस म्हणाला, "झाडांपर्यंत जागा आमची आहे. झाडं तुम्ही हद्दीवर लावलेली. बरोबर ना?"

"अजिबात नाही," माझे यजमान म्हणाले. "झाडं तीन फूट आत आहेत. मोजणी करा."

"करू ना. अर्ज टाका, एक-दोन वर्षं थांबा. तोपर्यंत तुमच्या नव्या टाकीचं कामपण थांबेल, काय?"

सोसायटीला पाण्याची टाकी बांधून द्यायचं त्याने कबूल केलं होतं. वरच्या मजल्यांचं त्या पट्टीत काहीच जात नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, "अरे, काकांना विचारा की. झाडं त्यांनी लावली, तार त्यांनी काढली. त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. आता काका उठतील आणि त्या माणसाला चार शब्द सुनावतील, म्हणून मी पुढे सरकून उभी राहिले.

काका उठले. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. "झाडं हद्दीवरच लावली होती," ते म्हणाले. "तार तिथेच होती."

आणि ते खाली बसले. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

यजमान ओरडले, "काका, खड्डे मी खणलेत!" पण बिल्डरचा माणूस उठला होता, लोक पांगू लागले होते. ज्यांच्या शब्दावर या इमारतीतले सगळे चालायचे, त्यांनी शब्द दिला होता. आमचं कोण ऐकणार?

झाडं दुसऱ्याच आठवड्यात तोडली. मंदा स्वयंपाकघरात बसून होती. करवतीचा आवाज थांबला तशी ती उठली आणि समोरच्या दारात गेली. भर दिवसा, डोक्यावरून पदर न घेता. तिच्या मागोमाग मी धावले.

काका खुर्चीत बसले होते. पेपर घडी केलेलाच होता.

"काका, तार कुठे होती?"

"बस, मंदा. आधी ऐक. माझा मुलगा दिवा स्टेशनजवळ एका खोलीत राहतो. दोन लेकरं आहेत. पाणी येत नाही, सूनबाई सकाळी हंडे घेऊन..."

"मी तार कुठे होती ते विचारलं."

काकू आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि परत आत गेल्या.

"झाडांपलीकडे," काका म्हणाले. "तीन फूट."

"मग तसं का नाही सांगितलंत?"

"या नव्या बिल्डिंगमध्ये मुलाला कमी भावात जागा देतोय तो. मी आयुष्यभर नोकरी करून त्याच्यासाठी काही करू शकलो नाही गं. झाडांचं काय, परत लावता येतात. मी स्वतः आणून देतो."

"कुठे?"

"मोरपंखी आणतो. कुंडीतसुद्धा..."

"कुठे लावायची, काका?"

मंदा मागे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण घरात आल्यावर तिने मशीन उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं. मी मदतीला गेले तर म्हणाली, "वहिनी, त्यांना सगळं माहीत होतं." एवढंच.

त्यानंतर त्यांच्याशी बोलणं थांबलं. आमचं भांडण झालं नाही. जिन्यात समोर आले की ते भिंतीकडे सरकायचे, आम्ही कुलूप शोधायचो. मी पुष्कळदा विचार केला, ते तीन फूट त्यांच्या मनात पहिल्यापासून होते का? रोपं लावताना? मला वाटतं, नव्हते. लबाड माणसाने फसवलं असतं तर आम्ही चार दिवस शिव्या देऊन विसरलो असतो. पण हाच माणूस शिडीवर चढून एका मुलीच्या उन्हासाठी शेंडे छाटत होता, आणि याच माणसाने ती झाडं दिली. ही दोन्ही माणसं मला एका अंगात बसवता येत नाहीत. आजही येत नाहीत.

नवी इमारत उभी राहिली. तिच्या गॅलऱ्या ओळीने आमच्या मागच्या दाराकडे तोंड करून. झाडं असती तर शेंडे मोकळे सोडले असते, ती वर चढली असती, निम्म्या गॅलऱ्या तरी झाकल्या असत्या. आता तिथे भिंत होती आणि भिंतीपलीकडे टँकर. मंदा पुन्हा बाहेर बसली नाही. औषधही हळूहळू सुटलं. शिवण मात्र तिने सोडलं नाही, ट्यूबलाइट लावून आत शिवत राहिली.

काकू गेल्यावर काकांनी समोरचं घर विकलं आणि ते मुलाकडे राहायला गेले, पहिल्या मजल्यावर. त्यांची गॅलरी बरोबर आमच्या दारासमोर. तिला त्यांनी बांबूची चिक लावून घेतली होती. सगळ्या गॅलऱ्यांत माणसं, कपडे, सायकली. तेवढी एकच बंद. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा चिक खाली सोडलेली. मला वाटायचं, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. वाटू दे.

ते वारले तेव्हा यजमान जाऊन आले. मी चौथ्या दिवशी जाऊन सुनेला भेटले. मंदा गेली नाही आणि तिला कुणी म्हटलंही नाही.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. वर खडखड आवाज झाला म्हणून पाहिलं, तर त्यांची सून चिक गुंडाळून वर बांधत होती. तिने कठड्यावर ओल्या चादरी टाकल्या आणि मला पाहून मोकळेपणाने हसली.

"किती अंधार व्हायचा हो मावशी घरात! पण बाबा चिकेला हातच लावू द्यायचे नाहीत. खाली पोरगी उन्हाला बसते म्हणायचे." ती कठड्यावरून वाकून आमची पट्टी न्याहाळू लागली. "कोण बसतं हो खाली?"

आतून मशीनचा आवाज येत होता.

"कोणी नाही," मी म्हटलं.