आमेन कुठे म्हणायचं

आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिला. आमेन. चहा हवा, आमेन. पंखा बंद कर, आमेन. रागावले की तोच शब्द, फक्त चढ्या आवाजात. मी कामावर असताना वरच्या मजल्यावरच्या बाई त्यांच्यापाशी बसतात. त्या बौद्ध. आल्या आल्या "जय भीम, दादा" म्हणतात, आणि हे गंभीरपणे "आमेन" म्हणतात. "ताई, आमचं जमलंय," त्या मला म्हणाल्या. "आमेन जोरात आलं की बाथरूम."

माझं मात्र जमत नव्हतं. हडपसरहून स्वारगेट, तिथून सदाशिव पेठेतला दवाखाना, दिवसभर काउंटरवर "बसा, नंबर येईल" म्हणायचं आणि त्याच वाटेनं परत. घरी आले की ह्यांना भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं. अंगात त्राण राहत नसे. पूर्वी जेवणाआधीची प्रार्थना हे करायचे आणि ती लांबायची. शेजारीपाजारी, बसचा कंडक्टर, गल्लीतली कुत्री, सगळ्यांसाठी मागून होईपर्यंत आमटी गार. मी शेवटी आमेन म्हणून ताट ओढायची. अशी आमची कामाची वाटणी होती.

आता ती मोडली होती. चर्चमध्ये मी गीतं म्हणायची, पण घरी खाटेपाशी डोळे मिटले की आत काहीच नसायचं. मी देवावर चिडले होते, आणि चिडून चिडूनही दमले होते. "प्रभू तुमची परीक्षा पाहतोय," मंडळीतल्या एक बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "मी फॉर्म भरल्याचं मला आठवत नाही."

मग एका रविवारी संध्याकाळी पाळकसाहेबांनी आमच्या घरीच प्रार्थनासभा ठेवली. माणसं दाटीवाटीनं बसली. पाळकसाहेबांनी ह्यांच्या आजारापासून सुरुवात केली आणि जगाच्या शांतीच्या दिशेनं निघाले. मध्येच दम घ्यायला जरा थांबले, तोच खाटेवरून खणखणीत "आमेन" आलं. सगळ्यांनी सवयीनं "आमेन" म्हटलं, डोळे उघडले, बायका चहाला उठल्यासुद्धा. पाळकसाहेब हात वर करून तसेच उभे. मग तेही मुकाट्यानं खाली बसले. मला हसू आवरेना. कितीतरी महिन्यांनी हसले असेन.

सगळे गेल्यावर कप विसळले आणि ह्यांचं ताट वाढून खाटेपाशी आणलं. मी घास उचलला, तर ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि डोळे मिटून घेतले. घास घेईनात. ते माझी वाट पाहत होते, हे कळायला मला जरा वेळ लागला.

"प्रभू," मी म्हटलं, "मी थकलेय. मला हे झेपत नाही. तू ऐकतोस की नाही, तेही मला हल्ली समजत नाही." पुढे काही सुचेना.

"आमेन," ते हळूच म्हणाले.

ते चहासाठी नव्हतं, बाथरूमसाठीही नव्हतं. मी पाहिलं तर त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते आणि मनगट सोडलेलं नव्हतं. आमटी गार होत होती. मी पुन्हा डोळे मिटले आणि कंडक्टरपासून सुरुवात केली.