मालकांचं एक किलोचं वजन

माझा खुबा बदलला तेव्हा मालकांना जाऊन पाच महिने झाले होते. दुखतंय का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले. खरंच काही वाटत नव्हतं. नवरा गेला तेव्हाही माझ्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं, आणि आमच्या डाळज गावच्या बायकांनी त्यावर पोटभर बोलून घेतलं होतं.

बारामतीत व्यायाम शिकवणारी पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण आवाज हेडमास्तरीणबाईंचा. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. सुरुवातीला नुसती मांडी आवळून पाच आकडे मोजायचे, टाच अंथरुणावरून जवळ ओढायची. पुढे चांगल्या कुशीवर झोपून ऑपरेशनचा पाय वर उचलायचा. मी सगळं केलं. भांडी घासावीत तसं केलं.

मला एकच गोष्ट हवी होती, बाजारातली जागा. इंदापूरच्या आठवडे बाजारात आम्ही दोघं तीस वर्षं एकाच कोपऱ्यावर बसलो. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या माझ्याकडे, तराजू मालकांकडे. बाजारात रिकामी जागा कुणाच्या बापाची नसते. शेजारची बांगडीवाली भाभी दर बाजारी तिथं माझं पोतं अंथरून वर दगड ठेवत होती. एके दिवशी तिचा फोन आला.

"ताई, नुसतं पोतं किती दिस जागा धरंल वं? दोघंजण इचारून गेल्यात."

मी व्यायामाच्या पोरीला विचारलं. ती म्हणाली, "घोट्याला एक किलो बांधून पाय बारा वेळा उचला, कंबर न हलवता. जमलं तर खुर्चीवर बसून बाजार. नाहीतर नाही."

वजन आमच्या घरात होतंच. चार वर्षांपूर्वी आम्ही इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, तेव्हापासून मालकांची लोखंडी वजनं माळ्यावर पडून होती. सुनेनं ती खाली काढली. "आत्या, आधी पाव किलो बांधू," म्हणाली. जुन्या साडीच्या पट्टीत गुंडाळून आधी पाव, मग अर्धा, मग किलो. महिन्याभरात बारा झाले. सुनेनं शेजारीपाजारी सांगूनसुद्धा टाकलं.

बारामतीला गेलो. पोरीनं तिच्याकडची एक किलोची वाळूची पट्टी माझ्या पायाला बांधली. सातव्या वेळी पाय खाली आला तो वर जाईना.

"तुमची पट्टीच जड हाय," मी भांडले. बाजारात जन्म गेला, गप्प कशी बसेन? सोबत आणलेलं आमचं वजन सुनेला पिशवीतून काढायला लावलं. एका हातात ते घेतलं, दुसऱ्या हातात पट्टी. आमचंच हलकं होतं.

घरी येऊन ते काट्यावर ठेवलं. नऊशेलाही वीस ग्रॅम कमी. उलटं करून बघितलं. लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं, त्यात शिसं ओतून वर सरकारी शिक्का मारतात. आमच्या वजनात शिसं नव्हतंच. भोक आतून कोरून मेणानं बुजवलं होतं आणि वर काळा रंग दिला होता.

आणि बाजारात मालकांचं नाव काय, तर सैल हाताचे तात्या! इतरांकडे गिऱ्हाइकाला "वर टाका की" म्हणावं लागायचं. हे न मागता वरचा एक टोमॅटो टाकायचे, मूठभर मिरच्या टाकायचे. मी चिडायचे, वर देऊन देऊन घर बुडवाल म्हणायचे. ते हसायचे. "दिऊ दे गं. त्यांचंच हाय."

"मेल्या!" मी काट्यासमोर मोठ्यानं म्हणाले. ज्यांना जन्मभर अहो म्हटलं, त्यांना. सून धावत आली. मला आठ महिन्यांत पहिल्यांदा काही वाटलं, ते म्हणजे राग. असा राग, की वजन उचलून भिंतीवर मारावं. मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. सून पाठीवर हात ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी वजनासोबत दोन कांदे बांधले, काट्यावर पुरता किलो बघून. पुन्हा एक, दोन, तीन. आता पाय दुखायचा, आणि दुखतंय हे मला कळायचं. पोरीच्या पट्टीनं बारा व्हायला आणखी तीन आठवडे लागले.

बाजारात भाभीनं पोतं गुंडाळलं आणि त्या जागी तिची प्लास्टिकची खुर्ची ठेवली. पहिलं गिऱ्हाईक नेहमीचीच एक म्हातारी होती. तिनं किलोभर टोमॅटो मागितले. काटा बरोबर किलोवर थांबला. तरी माझा हात पाटीत गेला, आणि वर एक टोमॅटो टाकला.

"तात्यावानीच हात हाय बग तुझा," म्हातारी म्हणाली.

मी पाटीत पुन्हा हात घातला. आणखी एक टाकला.