पाणी न पिणारा खड्डा

आमच्या गल्लीला उतार आहे आणि उताराच्या शेवटी चाचीचं घर. म्हणजे आम्ही वरच्या लोकांनी भांडी घासायची, आंघोळी करायच्या आणि ते सगळं चाचीच्या उंबऱ्याशी जाऊन साचायचं. बाहेरच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. त्याच्यावरच तिचं घर चालतं. एकदा पाणी आत शिरून मशीनच्या पायाला लागलं, तेव्हा त्याखाली विटा सरकवत ती मला म्हणाली, "भाऊ, मशीन को जंग लग्या तो मैं खाऊं क्या?"

मी लगेच छातीवर हात ठेवला, म्हटलं, दाराच्या अलीकडं शोषखड्डा मी खणून देतो. ग्रामपंचायतीच्या सभेत शोषखड्ड्याची माहिती मी पुढं बसून ऐकली होती. मुरूम लागेपर्यंत खणायचं, खाली मोठे दगड, वर बारके, मधोमध भोकं पाडलेला माठ. सांडपाणी त्यातून जिरतं. सोपं काम.

खणून, दगड भरून झाले आणि मला दगडांमधल्या फटी दिसल्या. एवढी जागा वाया! आपली काळी माती किती तहानलेली असते, हे काय मला ठाऊक नाही? उन्हाळ्यात तिच्या भेगांत मोटारीचं पाणी सोडलं तर गडप होतं. मी शेतातून वाळलेली काळी ढेकळं आणली, फोडली आणि सगळ्या फटी ठासून बुजवल्या.

सुरुवातीला पाणी खरंच गडप झालं. मी मिशीवरून हात फिरवला. मग ते रेंगाळायला लागलं, मग थांबलं आणि पुन्हा चाचीच्या दारात गेलं. आता वासासकट.

मला काही कळेना. वाटलं, खाली झरा असेल. म्हणून शेअर जीपमध्ये बसवून जाफराबादेकडचा पाणाड्या आणला. आमच्याकडं लोक पाणी शोधायला पाणाड्या आणतात. मी पाणी नसलेली जागा शोधायला आणला. तो बिचारा माझ्याहून गोंधळला. तळहातावर नारळ आडवा धरून गल्लीभर फिरला, खड्ड्यापाशी आला आणि नारळ ताडकन उभा!

"लागलं की पाणी!" तो ओरडला. "बोअर घ्या इथं. आटणार न्हाई."

"वो तो हमारेइच बर्तनां का है," म्हणत चाची ओढणी तोंडाला लावून हसली. मग हसता हसता थांबली. तिच्या चपला पाण्यात होत्या.

हसावं की लपावं, ते मला समजेना. बायको दारातून सगळं बघत होती.

"काय हो, काळ्या मातीला भेगा कधी पडतात?"

"उन्हाळ्यात."

"आन् पाणी पडल्यावर?"

"बुजतात," मी म्हणालो आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

"मंग? तुम्ही तर तिला रोज पाणी पाजून राह्यले."

फुगलेली माती दगडांना अशी चिकटली होती की एकेक दगड उपटून धुवावा लागला. ते धुतलेलं पाणी कुठं टाकायचं, हा नवाच घोळ. चाचीनं बघायच्या आत बादल्या भरून माझ्याच परसातल्या केळीला घातलं.

दगड परत रचले, फटी उघड्या ठेवून. हात शिवशिवत होते, पण बायको उभी होती. पाणी सोडलं, तेव्हा चाची मशीनशेजारी येऊन थांबली. पाणी माठात घुमलं, खाली उतरलं, उतरतच राहिलं.

"गया किधर?" तिनं विचारलं.

खरं सांगायचं तर मला अजूनही नीट माहीत नाही. "मुरमात," मी म्हणालो.

"पक्का?"

"बिलकुल."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मशीनच्या पायाखाली आणखी एक वीट सरकवली.