बर्फ पडेपर्यंत गप्प

सिनेमाबाईकडे आजीच्या गोष्टींचं पोतं भरलेलं होतं, पण उन्हाळ्यात त्यातली एक सांग म्हटलं की तिच्या तोंडाला कुलूप. बाकी बडबड बारा महिने चालू.

जपानमध्ये, एदोगावात ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती ओजिब्वे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांकाठच्या मूळ रहिवाशांपैकी. पोटासाठी इंग्रजी शिकवायची आणि सुट्टीत घरी जाऊन आजीवर पहिला सिनेमा करायची. त्यांच्या जुन्या गोष्टी जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या. गोष्टीतले जीव तेव्हा झोपलेले असतात. "ज्यांच्याबद्दल बोलायचं ते जागे असताना बोलू नये, असं आजी म्हणते." हा नियम पुण्यात आमच्या सोसायटीला लावला तर सगळे मुके होतील, असं मी म्हटल्यावर ती खूप हसली.

कॅमेरा ती माणूस बोलायच्या आधीच सुरू करायची. आजी चहा ढवळते तिथूनच गोष्ट सुरू होते, असं तिचं म्हणणं. माझी मुलाखत घ्यायला आली आणि अर्धा तास माझं कचरा वेगळा करणंच टिपत बसली.

योकोहामाच्या एका छोट्या महोत्सवात तिचा सिनेमा निवडला गेला, पण खेळ होता जुलैत. सिनेमात आजी सात मिनिटं हिवाळ्यातली गोष्ट सांगते, आणि तोच सिनेमाचा जीव. आजी थकलीये, तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे, इथे बर्फाचा नियम कोण विचारतंय, असं मी परोपरीने समजावलं. तिने आजीला फोन केला. तुला वाटेल तसं कर, एवढंच आजी म्हणाली. मला वाटलं, प्रश्न सुटला. सिनेमाबाईने नेमकी तीच सात मिनिटं कापली. पडद्यावर आजी म्हणाली, "बर्फ पडला की ये," आणि सिनेमा संपला. लोक चुळबुळले, बक्षीस दुसऱ्याला गेलं. मी तिच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

ऑक्टोबरात आजी गेली.

फेब्रुवारीत एका सकाळी बर्फ साचला, गाड्या बंद पडल्या. सिनेमाबाई लॅपटॉप घेऊन खाली आली आणि मला नि माझ्या लेकीला, ईराला, ती सात मिनिटं दाखवली. माझ्या मराठीला जपानीत उत्तर देणारी ईरा जागची हलली नाही. मी माफी मागितली.

"वाटेल तसं कर म्हणाली ना आजी, तेव्हाच तिने गोष्ट माझ्या हाती दिली," ती म्हणाली. मग आम्ही दोघी रडलो.

मार्चअखेर ती कायमची घरी गेली. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात मी सांगलीला आईला फोन करून म्हटलं, ईराला शुक्रवारची कहाणी सांग ना.

"आत्ता? चैत्रात? अगं, श्रावणात सांगेन की, हातात अक्षता देऊन."

आई हल्ली नावं विसरते. फोनवर आत्ताच रेकॉर्ड करून घ्यावं, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मी बरं म्हटलं आणि श्रावणातली तिकिटं काढली.